ढगातली उफणणी

वैशाखातला वळीव आठवून बघा. दुपारभर अंगाची लाही लाही, चारच्या सुमाराला एका कडेनं आभाळ काळं होत येतं, धुळीचा लोट उठतो, दारं-खिडक्या आपटतात आणि पहिला थेंब पडायच्या आधीच कडाडतं. तासाभरात सगळा खेळ आटोपतो. अंगणात धड पाणीही साचत नाही, पण तेवढ्या वेळात वीज किती वेळा चमकली याची मोजदाद नसते.

आता आषाढ आठवा. कोकणात, घाटमाथ्यावर तीन-तीन दिवस झड लागते, ओढे-नाले एक होतात, घराबाहेर पाऊल टाकायची सोय राहत नाही. पाणी वळवाच्या कैक पट, आणि गडगडाट मात्र क्वचित. पुढे हस्त नक्षत्र लागतं, भोंडल्याचे दिवस येतात आणि परतीचा पाऊस पुन्हा कडकडाट करत हजर होतो. 'गर्जेल तो पडेल काय' ही म्हण माणसांना टोमणा मारण्यासाठी वापरतात खरी, पण ज्यानं कुणी ती केली त्यानं आधी आभाळाकडे नीट पाहिलं असणार.

कुठला पाऊस गरजणार आणि कुठला नाही, हे पाणी किती यावर ठरत नाही. ते ढगात बर्फ किती आणि कसा, यावर ठरतं.

लहानपणी आपल्यापैकी बहुतेकांना सांगितलेलं असतं की ढगावर ढग आपटतो म्हणून वीज होते. यातलं आपटणं अगदी खरं आहे, चुकलेत ते ढग. ढग म्हणजे उंचावरचं धुकंच. धुक्यात धुकं शिरलं तर ठिणगी पडायचं काही कारण नाही. आपटतात ते एकाच ढगाच्या पोटातले बर्फाचे कण, आणि तेही इतक्या वेळा की आकडा ऐकून आपण गप्प बसावं. त्या आकड्याकडे पुढे येऊच.

ढगाच्या पोटात कोण कोण असतं

आपल्याकडे पावसाळ्याच्या दिवसांत जमिनीपासून साधारण पाच किलोमीटर वर गेलं की तापमान शून्य अंशावर येतं. वळवाचा ढग तिथे थांबत नाही. तापलेल्या जमिनीवरची हवा त्याला वर ढकलत राहते आणि त्याचा माथा बारा-पंधरा किलोमीटरपर्यंत पोचतो. म्हणजे खाली आपण घामाघूम असताना डोक्यावरचा निम्म्याहून अधिक ढग गोठणबिंदूच्या वर, बर्फाच्या राज्यात असतो. आषाढातले ढग वेगळे. समुद्रावरून आलेली ओली हवा सह्याद्री चढते तेव्हा बराचसा पाऊस ढगाच्या खालच्या, उबदार भागातच तयार होतो. थेंबात थेंब मिसळतो, जड होतो आणि पडतो. वर बर्फ असला तरी हवेला जोर नसतो. हा जोर का लागतो, ते ओघात येईलच.

शून्य अंशाच्या त्या उंचीवर गेलं की सगळं पाणी लगेच गोठतं असा आपला समज असतो. तो फ्रीजमुळे झालेला आहे. ढगातले थेंब इतके बारीक आणि इतके स्वच्छ असतात की गोठायला सुरुवात करून देणारा धुळीचा योग्य कण मिळाला नाही, तर ते उणे दहा, उणे वीस, अगदी उणे पस्तीस अंशालाही पाणीच राहतात. याला अतिशीत पाणी म्हणतात. मात्र अशा थेंबाला बर्फाचा नुसता स्पर्श झाला की तो क्षणात गोठतो.

म्हणून उणे दहा ते उणे पंचवीस अंशांच्या पट्ट्यात एकाच वेळी तीन मंडळी नांदत असतात. पहिले हे अतिशीत थेंब. दुसरे बर्फाचे चिमुकले स्फटिक, जे हवेतली वाफ थेट अंगावर घेऊन वाढतात. पाण्याला धरून ठेवता येणार नाही इतकी वाफ बर्फ धरून ठेवू शकतो, त्यामुळे थेंबांच्या शेजारी बसून स्फटिक त्यांच्या तोंडचा घास पळवतात. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. एखादा स्फटिक जरा मोठा होतो, खाली येऊ लागतो आणि वाटेत भेटलेले अतिशीत थेंब त्याच्या अंगावर आपटून तिथेच गोठतात. थरावर थर चढत जाऊन काही मिलिमीटरचा पांढरा, भुसभुशीत, साबुदाण्यासारखा गोळा तयार होतो. इंग्रजीतही याला जर्मनमधून उसना घेतलेला 'ग्रॉपेल' हा शब्द आहे. आपण त्याला कच्ची गार म्हणू. दगडासारखी पडणारी पक्की गार ही अनेकदा याच कच्च्या गारेची पुढची अवस्था असते.

आता कच्ची गार जड, स्फटिक हलके. गार खाली यायला बघते, स्फटिक वाऱ्याबरोबर वर जातात. वाटेत टक्कर होते. टक्कर इतकी छोटी की डोळ्याची पापणी लवायच्या आत हजार वेळा व्हावी. स्फटिक गारेच्या अंगाला घासून पुढे निघून जातो आणि जाताना दोघांमध्ये विद्युतभाराची देवाणघेवाण झालेली असते. बहुतेक वेळा गार ऋण होते आणि स्फटिक धन.

एकाच गोत्रातला व्यवहार

इथे थबकायला हवं. कंगवा केसांवर घासला की कागदाचे कपटे ओढतो, हे आपण शाळेत केलंय. पण तिथे वस्तू दोन आहेत, प्लॅस्टिक आणि केस. एकाला इलेक्ट्रॉन सोडायला आवडतं, दुसऱ्याला घ्यायला. ढगात दोन्हीकडे बर्फच. एकाच पदार्थाचे दोन तुकडे आपटले तर कुणी द्यायचं आणि कुणी घ्यायचं? सगळ्या विषयातलं मला सर्वांत रोचक वाटणारं कोडं हेच.

१९५७ साली अमेरिकेत रेनॉल्ड्स, ब्रूक आणि गोर्ली यांनी प्रयोगशाळेतल्या थंड पेटीत बर्फ लावलेला गोळा गरगर फिरवला आणि त्याच्यावर स्फटिक आदळू दिले. पेटीत नुसते स्फटिक असताना फारसं काही झालं नाही. अतिशीत थेंबही सोडले तेव्हा गोळ्यावर भरपूर भार जमा झाला. म्हणजे वर सांगितलेली तिन्ही मंडळी हजर लागतात, एक गैरहजर असेल तर काम अडतं. पुढे १९७८ मध्ये जपानच्या त्सुतोमू ताकाहाशी यांनी तापमान आणि पाण्याचं प्रमाण बदलून बदलून असेच प्रयोग केले आणि त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. साधारण उणे दहा अंशांच्या खालच्या थंडीत, पाणी मध्यम प्रमाणात असेल तर, गार ऋण होते. त्याहून उबदार जागी तीच गार धन होते. म्हणजे गारेचा कल पक्का नाही. ती कुठल्या मजल्यावर आहे त्यावर तो ठरतो. मँचेस्टरमध्ये क्लाइव्ह सॉन्डर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही कलाची अशी उलटापालट पाहिली. ती नेमकी कुठल्या अंशाला होते यावर मात्र प्रयोगाप्रयोगांत मतभेद राहिले.

या उलटापालटीचा उलगडा करणारा एक नियम १९८०च्या दशकात पुढे आला: टकरीच्या क्षणी ज्याचा पृष्ठभाग वाफ घेऊन जास्त वेगानं वाढतोय, तो धन होतो. गारेच्या अंगावर थेंब गोठतात तेव्हा त्यातून उष्णता बाहेर पडते आणि गार आजूबाजूच्या हवेपेक्षा किंचित कोमट राहते. कोमट अंगावर वाफ नीट बसत नाही. शेजारचा थंड स्फटिक मात्र भराभर वाढत असतो. म्हणून उंचावर स्फटिक धन, गार ऋण. खालच्या उबदार, पाणीदार भागात वाढीच्या शर्यतीचा निकाल बदलतो आणि भारही बदलतात.

पण वाढीचा आणि भाराचा संबंध काय? इथे बर्फाच्या गोळेवाल्याकडे जावं लागेल. किसलेला बर्फ मुठीत दाबला की त्याचा एकसंध गोळा होतो. उन्हात यातलं थोडं साधं वितळणंही असतं, पण मायकेल फॅरडेच्या १८५०च्या सुमारासच लक्षात आलं होतं की बर्फाचे दोन तुकडे नुसते एकमेकांना टेकवले तरी चिकटतात, आणि त्याचं कारण म्हणून त्यानं बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिशय पातळ थर असतो असं सुचवलं. तो बरोबर होता. शून्याच्या खालीही बर्फाच्या सर्वांत वरच्या काही रेणूंना धड रांगेत बसता येत नाही. त्यांना वरून धरायला कुणी नसतं. हा थर पुरता द्रव नाही आणि पुरता घनही नाही. जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या आसपास.

पाण्याचा रेणू मोडून तयार होणारे धन कण बर्फातून चपळाईनं सरकतात, ऋण कण मात्र मंद. वेगानं वाढणाऱ्या पृष्ठभागावर हा अर्धवट थर जाड आणि अव्यवस्थित असतो. धन कण त्यातून आत बर्फात पसार होतात, ऋण कण थरात मागे राहतात. मग टक्कर झाली की जाड थरातलं थोडं 'पाणी' पातळ थराकडे वाहतं आणि जाताना ऋणभार घेऊन जातं. देणारा धन उरतो, घेणारा ऋण होतो. भार मुद्दाम कुणी दिलाच नाही. ओलावा गेला, त्याच्याबरोबर भारही गेला. मार्शिया बेकर आणि ग्रेगरी डॅश यांनी १९९४च्या सुमाराला मांडलेलं हे चित्र. चित्र सुंदर आहे, आणि सुंदर चित्रांवर जरा संशय ठेवावा, हेही तितकंच खरं.

संशय ठेवायला २०२५ मध्ये नवं निमित्त मिळालं. बार्सिलोनाजवळच्या एका संशोधन संस्थेतल्या गटानं दाखवून दिलं की साधा बर्फ वाकवला की त्याच्यावर विद्युतभार तयार होतो. नुसता दाबला तर होत नाही. बर्फातल्या रेणूंची तोंडं इतकी अस्ताव्यस्त दिशांना असतात की सरळ दाबानं त्यांची बेरीज शून्यच राहते. वाकवल्यावर मात्र एक बाजू ताणली जाते, दुसरी आवळली जाते आणि समतोल मोडतो. ढगातली टक्कर काही सपाट दाब नसतो. स्फटिकाचं टोक गारेत रुततं, जागच्या जागी पृष्ठभाग वाकतो. या संशोधकांनी काढलेला भार प्रयोगांत टकरीतून मिळणाऱ्या भाराच्या तोडीचा निघाला. मला वाटतं, दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत असाव्यात: वाकल्यामुळे भार जागा होतो आणि ओलसर थरातून तो इकडचा तिकडे होतो. पृष्ठभागाच्या वाढीनं कल का बदलतो, हे फक्त वाकण्यानं सांगता येत नाही.

हिशोब

आता तो राहिलेला आकडा. एका टकरीत जाणारा भार साधारण दहा फेम्टोकुलोम धरू. कुलोम हे विद्युतभार मोजायचं माप. सोप्या भाषेत, एका कुलोमचे कोटी-कोटी, म्हणजे कोटी गुणिले कोटी, भाग केले तर त्यातला एक. इलेक्ट्रॉनांत मोजायचं तर बासष्ट हजारांच्या आसपास. एक मध्यम वीज सुमारे वीस कुलोम भार रिकामा करते. म्हणजे एका विजेमागे वीस कोटी-कोटी टकरा. दोनावर पंधरा शून्यं.

अशक्य वाटतं, म्हणून वहीच्या मागच्या पानावर हिशोब करून पाहिला. ढगातला हा टकरींचा पट्टा दहा घन किलोमीटरचा धरा. ढगासाठी हे काही फार नाही. त्यात हजार कोटी घनमीटर मावतात. एका घनमीटराच्या, म्हणजे एका बऱ्यापैकी कपाटाएवढ्या जागेच्या, वाट्याला दोन लाख टकरा आल्या. पाच मिनिटांत त्या उरकायच्या तर सेकंदाला सहाशे-सातशे. कपाटभर हवेत हजारो स्फटिक तरंगत असताना हे अजिबात जड नाही. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, त्याची ही बर्फाळ आवृत्ती.

पण नुसत्या टकरा पुरत नाहीत. गार ऋण आणि स्फटिक धन झाले, तरी दोघं शेजारी-शेजारीच राहिले तर बाहेरून बेरीज शून्य. त्यांना वेगळं करायला हवं. हे काम कसं होतं ते ज्यानं खळ्यावर उफणणी पाहिली आहे त्याला सांगायची गरज नाही. वारा सुटला की सुपातून धान्य सोडायचं. दाणे सरळ पायाशी पडतात, भूस उडून लांब जातं. ढगात वारा खालून वर वाहतो, एवढाच फरक. स्फटिक भुसासारखे माथ्याकडे उडतात, गार दाण्यासारखी मधल्या उंचीवर रेंगाळत राहते किंवा खाली येते. माथा धन, मध्य ऋण. ढगाचा वरचा भाग लोहाराच्या ऐरणीसारखा आडवा पसरलेला दिसतो ना, ते उडून गेलेलं भूस.

आणि वारा पडला तर उफणणी होत नाही, हे शेतकऱ्याला माहीत आहे. आषाढातल्या ढगात वर जाणारी हवा बहुधा सेकंदाला काही मीटरच. तेवढ्यात अतिशीत पाणी वरच्या मजल्यावर पोचत नाही, गार धरत नाही, धरली तर टिकत नाही. वळवाच्या जोमदार ढगात हाच वेग वीस मीटरच्याही पुढे जाऊ शकतो. १९९७ साली सोडलेल्या टीआरएमएम उपग्रहानं वर्षानुवर्षं उष्ण कटिबंधातले ढग पाहिले, तेव्हा ढगातल्या गारा-बर्फाचं वजन आणि विजांची संख्या हातात हात घालून चालताना दिसली.

शिमल्याचा पाऊस आणि एक लांबलेलं भांडण

या गोष्टीचा एक धागा भारतातूनही जातो. जॉर्ज सिम्पसन हा ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ भारतीय हवामान खात्यात शिमल्याला होता. १९०८च्या पावसाळ्यात त्यानं तिथे पडणाऱ्या पावसाचा विद्युतभार मोजला. धनभार जास्त निघाला. त्यावरून त्यानं निष्कर्ष काढला की ढगाचा खालचा भाग धन असतो आणि तो भार वाऱ्यानं थेंब फुटल्यामुळे येतो. धबधब्याच्या तुषारांत भार असतो हे तेव्हा माहीत होतंच, त्यामुळे कल्पना पटण्यासारखी होती. पुढे हाच सिम्पसन कॅप्टन स्कॉटच्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर हवामानतज्ज्ञ म्हणून गेला, आणि त्यानंतर ब्रिटनच्या हवामान खात्याचा प्रमुख झाला.

इकडे सी. टी. आर. विल्सन, ज्याला मेघपेटीबद्दल (अदृश्य कणांचा माग वाफेत दाखवणाऱ्या पेटीबद्दल) नोबेल मिळालं, तो जमिनीवरून वादळाचं विद्युतक्षेत्र मोजून नेमकं उलट सांगत होता: धन वर, ऋण खाली. दोघेही मोठे, दोघांकडे मोजमापं, आणि वाद वर्षानुवर्षं चाललेला. शेवटी सिम्पसननं स्क्रेज या सहकाऱ्याबरोबर थेट ढगात फुगे सोडले. फुग्याबरोबर रसायनात भिजवलेली कागदाची पट्टी होती. प्रवाह ज्या दिशेनं गेला त्याप्रमाणे तिच्यावर डाग उमटायचा. १९३७ मध्ये निकाल छापून आले. माथा धन, मध्य ऋण, असं विल्सनचं म्हणणं खरं ठरलं. आणि तळाशी एक छोटासा धन कप्पाही सापडला, म्हणजे सिम्पसनही पुरता चुकला नव्हता. स्वतःच्याच प्रयोगानं स्वतःचा सिद्धांत निम्मा पाडणारा माणूस मला आवडतो. तळातला तो कप्पा का असतो, याचं एक उत्तर ताकाहाशींच्या थंड पेटीत मिळालं: उबदार मजल्यावर आलेली गार धन होते.

हा सगळा भार साठून किती विद्युतदाब, म्हणजे व्होल्टेज, तयार होतो? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा उटीला ग्रेप्स-३ नावाचा प्रयोग आहे. अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे तयार होणारे म्युऑन हे कण तिथे मोजतात. १ डिसेंबर २०१४च्या वादळात म्युऑनांची संख्या थोडी घटली. ढगातल्या विद्युतदाबानं त्यांना अडवलं होतं. त्यावरून २०१९ मध्ये काढलेला आकडा १३० कोटी व्होल्टचा आहे. इतका दाब वादळात असू शकतो असं विल्सननं १९२९ मध्येच म्हणून ठेवलं होतं.

गंमत अशी की एवढं होऊनही ठिणगी कशी पडते हे पूर्ण सुटलेलं नाही. कोरड्या हवेला फोडायला मीटरमागे तीस लाख व्होल्ट लागतात. ढगात शिरलेल्या फुग्यांना आणि विमानांना जे सापडतं ते साधारण त्याच्या दहाव्या भागाएवढं. वर हवा विरळ असते, तेवढी सूट धरली तरी पुरत नाही. कुणी म्हणतं अवकाशातून आलेले वेगवान कण वाट करून देतात, कुणी म्हणतं बर्फाच्या टोकदार कडांशी क्षेत्र एकवटतं. म्हणजे पुन्हा बर्फच.

पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं 'दामिनी' ॲप विजेतून निघणाऱ्या रेडिओ लहरी पकडून ती कुठे पडली ते सांगतं. ते मोबाइलवर जरूर ठेवा. वीज पडून देशात दरवर्षी अडीच हजारांच्या आसपास माणसं जातात, त्यातली बरीचशी शेतात आणि झाडाखाली. कडाडायला लागलं की पक्क्या घरात जा आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावरही अर्धा तास तिथेच थांबा.

मग वादळ सरलं, विजा थांबल्या आणि अंगणात गारा पडलेल्या असतील तर एक मोठीशी उचलून आणा आणि सुरीनं मधोमध कापा. बाहेर काचेसारखे आणि दुधट थर एकाआड एक दिसतील. आणि अनेकदा अगदी मध्यभागी, वाटाण्याहून लहान, पांढरा भुसभुशीत गाभा असेल. तीच आपली कच्ची गार. थोड्या वेळापूर्वी सहा-सात किलोमीटर उंचावर ती स्फटिकांशी आपटत होती.